पंजाबरावची मान

…अन् मी बायकोले म्हणलं, विमल, अपेंडिस ऐकलं, टायफाइड ऐकला, पण हे पिलाटिस कोणतं दुखणं काढलं तुनं? तं हसते काय! म्हणे, "दुखणं नाही हो, व्यायाम हाय तो! योगिनी मॅडम रिसोडच्या मंगल कार्यालयात शिकवून राह्यल्या, फुकट. आमी सात जणी जाणार, अन् तुमच्याच जीपनं जाणार." घ्या! तुमाले सांगतो राजेहो, ज्या बाईनं सकाळपासून वांगे तोडले, वाफ्याले पाणी देलं, गवताचा भारा आणला, तिले व्यायाम कायले पाह्यजे? तं म्हणे, "कामात आपण आंगाले हाकलतो, व्यायामात आंगाचं ऐकतो." आंगाचं ऐकते म्हणे! घरात माह्यं कोणी ऐकत नाही, ते राह्यलं बाजूले…

बरं, माह्यं सांगायचं राह्यलंच. मी पंजाबराव, शिरपूर ते रिसोड जीप चालवतो, बावीस वर्षं झाले. अन् दोन वर्षांपासून माह्यी मान आखडेल. इकडं नाही, तिकडं नाही; कोणी हाक मारली तं मी कपाटासारखा अख्खाच फिरो. आता गाडी मागं घ्याची कशी? आरशात पाहा म्हणाल, तं आरशात लटकेल माणसं अन् पोते, दुसरं काही दिसते काय? मंग मागच्या बायाच सांगत. एक म्हणे, "येऊ द्या, येऊ द्या!" दुसरी म्हणे, "थांबा, थांबा!" तिसरी फोनवर बोले, "हो, येऊ दे ना पोरीले दिवाळीले, येऊ दे…" अन् मी आपला घेऊन राह्यलो मागं!

पहिल्याच दिवशी कार्यालयासमोर… धाडकन! मॅडमची स्कुटी. आडवी.

मले वाटलं, आता ही पोरगी मले खाते. तं तिनं स्कुटीकडं पाह्यलंच नाही, माह्याकडंच पाहून राह्यली. "काका, मागं वळून पाहिलं नाहीत?"

"मान वळत नाही मॅडम. दोन वर्षं झाले."

अन् मागून विमल, सगळ्यांसमोर, "माह्यं म्हणणं एकच हाय, जीप इकून टाका. एखाद्या दिवशी कोणाचं लेकरू चाकाखाली येईन, मंग कोणाले तोंड दाखवान?" अन् तिचा आवाज असा कापला ना… तुमाले सांगतो, स्कुटी ठोकली त्याच्यापेक्षा तो आवाज जास्त लागला मले.

मॅडम म्हणे, "काका, चप्पल काढा. आत या."

आत! आमच्या सात अन् रिसोडच्या चार, अकरा बाया अन् मी एकटा गडी, चटईवर उताणा! मॅडम म्हणे, "काही करायचं नाही. फक्त श्वास घ्या. बरगड्या छत्रीसारख्या उघडू द्या." आता मले सांगा राजेहो, पन्नास वर्षं मी काय श्वास न घेताच जगलो? "बेंबी हळूच मणक्याकडं न्या." नेतो ना बाई, पण मधात एवढं पोट हाय त्याचं काय करू? "मानेला ओढू नका काका, तिला विचारा." मानेले तोंड हाय काय? अन् पाचव्या मिनिटाले जे झोप लागली मले… आमच्यातलीच लिलाबाई सांगते, "आमाले वाटलं बाहेर टॅक्टर चालू झाला!"

पण मॅडम काही सोडे ना. तिसऱ्या हप्त्यात म्हणे, "काका, गाडी चालवताना खांदे कुठं असतात ते बघा." कुठं असतीन? जिथं हाय तिथंच असतीन! पण दुसऱ्या दिवशी खड्डा आला अन् पाह्यतो तं काय… दोन्ही खांदे कानाले चिकटेल, दात आवळेल, अन् श्वास? बंद! पुलापासून नाक्यापर्यंत बंद! खड्डा आला का मी श्वास धरून ठेवो, अन् आपल्या रस्त्यावर खड्डा कधी येत नाही, सांगा बरं! म्हणजे राजेहो, पन्नास वर्षं मी काय श्वास न घेताच जगलो?… आता ह्या प्रश्नाचं मलेच भेव वाटू लागलं.

मंग मी नेमानं जाऊ लागलो. एकेक मणका उचलायचा, एकेक मणका ठेवायचा, घाई नाही, कुठं ओढते तिकडं ध्यान. पहिल्या महिन्यात मान आरशापर्यंत वळली, दुसऱ्यात दरवाजाच्या कडीपर्यंत, तिसऱ्यात… जाऊ द्या, माह्यंच मले खरं वाटे ना.

चौथ्या महिन्यात, बजाराचा दिवस. गाडी ठासून भरेल. मागून ओरडा, "येऊ द्या, येऊ द्या!" मी रिव्हर्स टाकला. पण आता सवय लागेल होती ना… श्वास सोडला, खांदे खाली, अन् दरवाजातून मान मागं वळवली. मागच्या चाकापाशी पांढरं डोकं!

भुरीबाई! भाजीवाली म्हातारी. टोपली सांडली तिची, अन् ती चाकामागं खाली बसून टमाटे येचून राह्यली.

ब्रेक असा मारला का गाडीतले सगळे मागच्या मागं एकमेकाच्या आंगावर. खाली उतरून मागं धावलो. अन् भुरीबाईले पत्ताच नाही! मलेच खेकसते, "पाहून काय राह्यला रे पंजाब, दोन टमाटे तिकडं गेले, उचल!" उचलले राजेहो. तिच्यापाशी मातीत बसून एकेक उचलला. डोळे भरून आले, म्हणलं, धूळ गेली.

थेट मॅडमकडं गेलो. लय काही म्हणायचं होतं… तोंडातून निघालं एवढंच, "मॅडम, मागचं दिसलं." तिनं पाण्याचा गिलास देला. अन् खरं सांगू? पन्नास वर्षं मी श्वास न घेताच जगलो होतो राजेहो. तो घ्यायले त्या पोरीनं शिकवलं. उपकार हाय तिचे. विमल आता जीप इकाचं नाव काढत नाही.

पण बोभाटा झाला ना गावभर! आता दोन फेऱ्यांच्या मधात मी स्टँडवर कडुलिंबाखाली सतरंजी टाकतो, दहा मिनिटं. तं उदयसिंग डायवर आला, म्हणे मलेही दाखव. मंग त्याचा भाऊ… मंग प्यासिंजर! परवा एक बाई इचारते, "भाऊ, गाडी कधी निघन?" मी म्हणलं, "भरली का निघन." तं म्हणे, "मंग तवर मणके मोकळे करून घेते," अन् झाली आडवी! तुमाले सांगतो, गाडी भरायच्या आधी सतरंजीच भरून जाते. अन् ज्याची सतरंजी, तो मी, बाजूले उभा… उभ्या उभ्याच घेतो श्वास. काय करता!