कुमुदकाकूंचा गोग्रास

बुक्का लागला, हार गळ्यात पडला. आता आख्यान. पेटीवाले बुवा, जरा हात थांबवा. गाण्याआधी मला मंडळींना एक प्रश्न विचारायचा आहे.

मंडळी, ऐका! हातून पाप घडलं. पण नकळत घडलं! मनात वाईट काही नव्हतं. उलट हेतू पुण्याचाच होता! मग ते पाप, की पाप नाही?

माना हलल्या! "नाही, नाही!" वा! सोयीचा प्रश्न आला की माना कशा चटकन हलतात बघा! बायकांच्या बाजूने तर आवाजसुद्धा आला. ठीक आहे. उत्तर तुमच्याजवळच ठेवा. गोष्ट ऐका, आणि मग सांगा.

एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं, तर तिथले लोक मला पुन्हा कीर्तनाला बोलावणार नाहीत! त्या गावात बाजारपेठेला लागून एक तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर राहतात कुमुदिनी देवळेकर, सगळ्या गावाच्या कुमुदकाकू. वय बासष्ट. यजमान अण्णा, पोस्टातून निवृत्त. एकुलती लेक शर्वरी, लग्न होऊन बडोद्याला. आणि काकूंची भक्ती? अहो, घड्याळ चुकेल, काकूंची पूजा चुकणार नाही! चतुर्थी आहे, एकादशी आहे. आणि रोज न चुकता, काय म्हणता? — गोग्रास!

गाय गेनू गवळ्याची. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, नाव तांबू. गेनूचा गोठा इमारतीच्या मागेच. दहा वाजले की तांबू येऊन बरोबर काकूंच्या गॅलरीखाली उभी. मान वर! काकू पहिली पोळी तव्यावरून उतरवायच्या, तूप लावायच्या, वर गुळाचा खडा. आणि मग — दोन जिने उतरून खाली यायच्या?

नाही हो! गुडघे दुखतात ना! काकू वरूनच हाक मारायच्या, "तांबूऽऽ, घे गं बाई!" आणि पोळी सोडायच्या खाली. पण पोळी धुळीत पडली तर? देवाचा घास, धुळीत? छे छे! म्हणून काकू काय करायच्या? पोळी ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला मारायच्या पक्की गाठ, आणि पुडकं खाली — थप्प!

काकू हात जोडायच्या आणि आत वळायच्या. खाली गाय गाठ कशी सोडते, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मंडळी, गाईला बोटं असतात का हो?

आत्ताच हसून घ्या. शेवटी हसायला जागा उरणार नाही.

असं चाललं होतं. आणि एक दिवस सरकारचा हुकूम आला — पातळ पिशव्या बंद! अहो, काय तारांबळ बाजारात! पन्नास वर्षांपूर्वी याच गावातला माणूस खांद्याला पिशवी अडकवल्याशिवाय बाजाराची वाट धरत नव्हता. आणि आता हात हलवत यायची सवय! एक बाई उशीचा अभ्रा घेऊन आली. गुरुजींनी उपरण्यात वांगी बांधली. एका गृहस्थाने तर हेल्मेटमध्ये अंडी नेली — आणि मग घरी जाताना हेल्मेट घातलं नाही म्हणून पोलिसाने अडवलं!

कुमुदकाकू मात्र निश्चिंत. का? अहो, शर्वरीच्या लग्नात आहेर-नारळासाठी त्यांनी पिशव्या छापून घेतल्या होत्या. वर लाल गणपती, खाली दोघांची नावं, तारीख, मुहूर्त. गठ्ठेच्या गठ्ठे उरलेले, सहा वर्षं पलंगाखाली. काकू त्यातलीच एक घेऊन शेवंता भाजीवालीपुढे उभ्या राहिल्या.

"दोन जुड्या मेथी. घाल यात."

शेवंता म्हणाली, "काकू, ही न्हाई चालत आता."

"का? तुझी कुठे आहे? घरची आहे. लेकीच्या लग्नातली! गणपती आहे त्याच्यावर!"

"गणपती असू द्या, न्हाईतर मारुती असू द्या. पिशवी पिशवीच न्हवं? कालच दोघांना पकडलंय. कापडाची आणा, मग घालते."

आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकूंचा चेहरा लाल! मेथी दोन्ही हातांत कवटाळली आणि निघाल्या घरी. घरात पाय टाकताच अण्णांवर गरजल्या, "चाळीस वर्षं भाजी घेतेय तिच्याकडे! माझ्या लेकीची मंगल पिशवी, आणि ती मला कायदा शिकवते! एका पिशवीनं कोणाचं काय बिघडतं हो?"

कोणाचं काय बिघडतं! मंडळी, हा प्रश्न विचारून काकू झोपल्या, आणि चारच दिवसांत उत्तर त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

त्या दिवशी दहा वाजले. काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "तांबूऽऽ!" तांबू नाही. पुन्हा हाक. नाही! गोठ्याकडून माणसांचा गलका. पुडकं हातात, तशाच दोन जिने उतरल्या. गुडघे? त्या दिवशी गुडघ्यांची आठवण कोणाला!

गोठ्यापुढे गर्दी. मधे तांबू खांबाला बांधलेली. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. कालपासून वैरण नाही, रवंथ नाही. शेजारी जनावरांची डॉक्टरीण, बाह्या वर सारलेल्या. गेनू गाईचं तोंड धरून उभा.

"कोण ते, मागे व्हा!" डॉक्टरीण म्हणाली. कुशीवरचे केस काढले, सुई टोचून जागा बधिर केली, आणि उभ्या गाईची कूस चिरली!

उभ्या गाईची, मंडळी! आडवी नाही केली. गाय उभी आहे, डोळे उघडे आहेत, कान हलताहेत. आणि डॉक्टरणीचा हात गेला आत. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत! आणि तिनं ओढलं.

काय निघालं? गवत? कडबा?

पिशवी! पिशवीला पिळा घातलेली दुसरी पिशवी. तिला तिसरी. दोरखंडासारखं बाहेर येतंय, संपतच नाही! दुधाच्या पिशव्या. वेफर्सची पाकिटं. हाराचा दोरा. एक खिळा. तान्ह्या बाळाचा एक मोजा! एक घमेलं भरलं. दुसरं भरलं. तिसरं आणायला माणूस पळाला. वास असा, की धट्टेकट्टे गडी नाकाला रुमाल लावून मागे सरले. जिवंत गाय उभी आहे, आणि तिच्या पोटातून अख्खं गाव बाहेर येतंय! माझं गाव, तुमचं गाव! चौथं घमेलं भरलं, तेव्हा गर्दीतली एक म्हातारी मटकन खालीच बसली.

आणि मग डॉक्टरणीच्या हातात आलं एक पुडकं. वेगळं. याची गाठ अजून शाबूत होती. आत काळा गोळा.

गेनूनं ते घेतलं. बादलीत बुचकळलं. चोळलं. अक्षरं दिसली — लाल! गेनू कधी शाळेत गेला नव्हता. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. समोर कुमुदकाकू. शिकलेल्या बाई! तो पुढे आला आणि ओली पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"काकू, वाचा की ओ. नाव लिवलंय बघा. कुणाच्या घरची हाय ते तरी कळू दे! माझी मुकी गाय... त्या मुडद्याच्या दारात नेऊन टाकतो ही चारी घमेली!"

काकूंनी पाहिलं. लाल गणपती. त्याच्याखाली, "चि. कौस्तुभ आणि चि. सौ. कां. शर्वरी."

मंडळी! स्वतःच्या लेकीचं नाव! ज्या नावासाठी बारशाला बारा नावं बाजूला सारली, ते नाव — गाईच्या पोटातून बाहेर आलं! सहा वर्षांत लेकीच्या हातची मेंदी गेली, शालूचा रंग गेला, त्या पिशवीवरची शाई जाईना!

गेनू समोर उभा. डॉक्टरणीचं लक्ष टाक्यांत. बाकी कोणी इतकं जवळ नाही. काकूंनी ओठ उघडले. आणि काय म्हणाल्या?

"पुसलंय रे, गेनू. काही लागत नाही."

अरेरे! मॅट्रिक झालेली बाई! पोथी घडाघडा वाचणारी बाई! त्या एका क्षणात अडाणी झाली!

गेनूनं मान हलवली. पिशवी घमेल्यात टाकली. काकू माघारी वळल्या. मुठीत आजचं पुडकं तसंच होतं — नवं, गाठ मारलेलं, आत तुपाची पोळी. जिना चढताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि बाई पायरीवर बसली ती बसलीच. हात असा दूर धरलेला, जसा काही मुठीत विंचू आहे!

अण्णा खाली आले. काकूंनी सगळं सांगितलं. अण्णा भला माणूस. म्हणाले, "अगं, पाचशे लोकांना वाटल्या आपण त्या पिशव्या. ती तुझीच कशावरून? कोणी टाकली असेल."

बघा! सुटायची वाट मिळाली! आणि वाट खोटीसुद्धा नाही. पाचशे घरांत गेल्याच होत्या की! धरायची ती वाट?

काकू म्हणाल्या, "गाठ माझी होती हो. मी मारलेली गाठ मला ओळखू येत नाही? आणि ती एक माझी नसली, तरी बाकीच्या कुठे गेल्या? सहा वर्षं मी रोज तिला विष दिलं, आणि वर हात जोडले!"

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान केलं. पूजा केली नाही! चाळीस वर्षांत पहिल्यांदा देव पारोसे ठेवले, आणि गोठ्यात गेल्या. घमेली अजून कोपऱ्यात होती. दूध न्यायला आलेली चार माणसं होती. शेवंतासुद्धा होती! काकूंनी पदर खोचला, हात घातला त्या घाणीत, आणि ती पिशवी शोधून काढली.

"गेनू, काल मी खोटं बोलले. पुसलेलं नाही. ऐक." आणि मोठ्यानं वाचलं. लेकीचं नाव. जावयाचं नाव. तारीख, मुहूर्त, सगळं! "ही माझ्या घरची. मीच टाकली. रोज टाकत होते. काय करायचं ते कर."

शेवंताच्या हातातली किटली हातातच राहिली. गेनूच्या कपाळाची शीर तटतटली. वाटलं, आता हा बाईला काय बोलेल, काय करेल! पण त्यानं तांबूकडे बोट केलं. मग म्हणाला,

"मला कशाला सांगताय? ती हुबी हाय तिथं. तिला सांगा."

काकू वळल्या. तांबू उभी. कुशीवर टाक्यांची लांब रांग. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. काकू जवळ गेल्या, दोन्ही हात पुढे केले, आणि कसंबसं तोंडातून निघालं, "तांबू..."

आवाज ओळखीचा! तांबूचे कान उभे राहिले. डोळे उघडले. आणि मंडळी, त्या गाईनं मान लांब केली, जीभ बाहेर काढली, आणि काकूंचे रिकामे तळहात चाटायला लागली! तिला वाटलं, दहा वाजले. घास आला!

काकू शेणात बसल्या. त्यांचं रडणं बाहेर पेठेपर्यंत ऐकू गेलं.

बाई रडली, आणि गेनू? गेनूनं तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "उठा काकू. लुगडं खराब होतंय."

तांबू वाचली. पाचव्या दिवशी तिनं रवंथ केला, तेव्हा गेनू गल्लीभर ओरडत सुटला! दूध मात्र पहिल्यासारखं आलं नाही, ते कधीच आलं नाही. काकू आता रोज दोन जिने उतरतात. गुडघे अजून दुखतात. पोळी तळहातावर ठेवून भरवतात, शेवटचा घास गिळेपर्यंत उभ्या राहतात. आणि बाजाराच्या दिवशी शेवंताच्या पाटीशेजारी उभ्या राहून जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. कोणी विचारलं, "काकू, हे काय नवीन?" तर लाज न ठेवता सगळं सांगतात. पहिल्यापासून. "पुसलंय" म्हणाले होते, तेसुद्धा सांगतात!

आता माझा प्रश्न. नकळत घडलं ते पाप की नाही? अहो, देव मोठा दयाळू आहे, नकळत घडलेलं तो पोटात घालेल. पण काल नकळत होतं. आज कळलं ना? अक्षर डोळ्यांपुढे आलं, आणि आपण म्हटलं "काही लागत नाही" — तिथे पाप सुरू होतं! त्या गाईनं सहा वर्षं खाल्लं, ते अज्ञान. सातव्या वर्षी खाल्लं असतं, तर तो खून!

आणि तुम्ही डोळे पुसताय? पुसा. पण मला इथून, उभ्या माणसाला, बसलेल्यांपेक्षा जास्त दिसतं! देवळात चपला चोरीला जातात म्हणून कोणी कोणी त्या कशात गुंडाळून मांडीखाली ठेवल्यात, ते मी मघापासून बघतोय. तिसऱ्या रांगेतल्या मावशी, पदराखाली सरकवू नका, चुरचुर आवाज इथपर्यंत येतोय! अहो पाटील, प्रसाद घरी न्यायला खिशात घडी करून काय आणलंय? राहू द्या, काढू नका. देवळाच्या मागे उकिरडा आहे, आणि उकिरड्यावर आत्ता या घडीला दोन गाई उभ्या आहेत. मी येताना पाहिल्या.

आता आरती होईल. मग प्रसाद. आज द्रोण नाही, पुडी नाही, पिशवी तर नाहीच. साजूक तुपातला शिरा आहे, कढईतून थेट, चटका बसेल असा गरम. ज्याला हवा असेल त्यानं ओंजळ पुढे करावी. आणि बोला मोठ्यानं — विठ्ठल, विठ्ठल!