तीन जागी ठेवलेला डेटा

हसू नका बे, पण संशोधनाचा डेटा सांभाळाचं मी रीतसर शिकलो आहे. मोहाडीजवळच्या तलावात वर्षभर मासोळ्या मोजल्या. शेवटच्या दिवशी डोंग्यात, नाव वल्हवणाऱ्या सुखदेवकाका ढिवराले मी ग्यान देऊन राहिलो होतो, "काका, डेटा नेहमी तीन जागी ठेवाचा. एक गेला तरी दोन राहतात."

तेवढ्यात मी फोटो काढाले उठलो, डोंगा हालला अन् माही बॅग पाण्यात. काकानं बुडी मारून ती काढली.

"काहून रडून राहिला? तीन जागी हाये ना?"

"हाये ना काका. लॅपटॉप, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क. तिन्ही याच बॅगेत."

काका बॅग निथळवत बोलले, "हे किती वर्षं शिकला?"

"दोन."

"बरं झालं भेटला. पोरीले याच कोर्सले टाकून राहिलो होतो."