बाबांच्या शेव्हेलची पुढची सीट

हॅलो? यामिनी? ऐक, फोन ठेवू नकोस… मी ठीक आहे. आई गाडीत बसलीये.

अगं, आपल्याच. बाबांच्या शेव्हेलमध्ये, खाली गराजमध्ये. दोन्ही दारं आतून लॉक. चावी तिच्या मुठीत.

पाऊण तास झाला… ओरडू नकोस गं, मी काय केलंय? सीटवाला यायचा होता, एवढंच. आलाय. ड्राइव्हवेमध्ये व्हॅन लावून कॉफी पीत बसलाय.

सीटवाला म्हणजे… तुला सांगितलं होतं की! गाडी माझ्याकडे ग्वेल्फला न्यायच्या आधी आतलं सगळं नीट करायचं म्हणून. पुढची सीट काढून नेणार, फोम नवा, सीट सरकते ते खालचे रूळ नवे, वर सत्तर साली होतं तस्संच काळं व्हिनाइल. पाच महिने शोधतोय मी, बाबा गेल्यापासून… हो, ओरिजिनल. म्हणजे ओरिजिनलसारखं. तेच ते.

आई म्हणते, सीट निघणार नाही. बस्स. दुसरा शब्द नाही.

थंडी? अगं, रेजिना आहे हे, ऑक्टोबर संपत आलाय. इथे हीटर नाही. गाऊनवर बाबांचं जॅकेट घातलंय तिने. शुगरची गोळी नाही, चहा नाही. थर्मास काचेला लावून दाखवला, तर तोंड फिरवलं.

प्रेमानेच बोलतोय मी! … बरं. बरं बाई. आता प्रेमाने बोलतो.

आई… यामिनीचा फोन आहे. काच खाली कर ना. जराशी… अजून… हां.

बोटभर उघडली. थांब. … काय म्हणालीस, आई?

यामिनी, ती विचारतेय, मला विचारलंत का कुणी? … कशाबद्दल काय, गाडीबद्दल. घराबद्दल. … हो, गाडी मला असं बाबांनीच लिहून ठेवलंय. पण घर विकायचं आणि आईने तुझ्याकडे ओटावाला यायचं, हे तर आपण… मी तुझ्यावर ढकलत नाहीये! आपण दोघांनी ठरवलं, एवढंच म्हणतोय. … नाही. मी नाही विचारलं तिला. तू विचारलंस? … मग झालं तर.

अगं, पण सीट अडकलीये ना! गंजलेत रूळ. अख्खी सीट पार पुढे जाऊन बसलीये. स्टिअरिंगमागे माझी मांडीसुद्धा शिरत नाही, आणि बाबा तर सहा फुटी. कसे चालवत होते देव जाणे. म्हणून तर मी…

काय आई? … गंज नाही?

थांब, यामिनी. तिने सीटखालची दांडी ओढली. सरकली सीट. मागे… परत पुढे. अगदी लोण्यासारखी.

मग एवढी पुढे कुणी ठेवली, आई? … तू?

तू चालवायचीस?

… यामिनी, सहा वर्षं. म्हणते, सहा वर्षं तीच चालवतेय. बाबांना दिसत नव्हतं. … काचबिंदू माहीत होता गं, पण ड्रॉप्सने थांबलाय म्हणाले होते ना! … नव्हता थांबला. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं म्हणे शेवटी.

आपल्याला कसं कळणार? वर्षातून चार दिवस यायचो. घरातल्या पायऱ्या त्यांना पाठ. टीव्हीसमोर बसायचे, आपल्याला वाटायचं बघतायत.

हो ना… दर रविवारी फोनवर! ‘आज शेव्हेल फिरवून आणली, नंदन.’ आणि मी म्हणायचो, वा बाबा. … आई चालवायची आणि ते शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. बेंच सीट आहे ना, दोघांची मिळून एकच, सगळीच पुढे येते.

का नाही सांगितलं? मीही तेच विचारलं. म्हणते… म्हणते, सांगितलं असतं तर आम्हाला तेव्हाच उचलून नेलं असतंत.

… खरंय तिचं. नेलंच असतं. मला लाज वाटतेय गं.

वन मिनिट, सर! … तुला नाही, त्याला. सीटवाला बाहेरून गराजचं दार वाजवतोय.

काच अजून खाली करून थर्मास घेतलाय तिने. गोळी… घेतली. हो, घेतली, बघितली मी. आता बाहेर ये, आई… आई, चावी नको लावूस. आई! गराज बंद आहे, धूर कोंडेल आत! अगं, केली चालू! बटण, बटण कुठंय… इथे… उघड, उघड… उघडतंय. उघडलं.

आहेस ना, यामिनी? … हो, तोच आवाज. पहिल्या फटक्यात.

सर, कॅन यू मूव्ह युअर व्हॅन? … नो, नो, डोन्ट बॅक इन. द सीट इज स्टेइंग. … येस, आय नो आय कॉल्ड यू. आय ॲम सॉरी. इट्स माय मदर्स कार.

गेला एकदाचा.

लायसन्स? … आई, यामिनी विचारतेय, लायसन्स… दाखवतेय बघ, जॅकेटच्या खिशातच होतं. व्हॅलिड आहे. … विंटर टायर्स कशाला, रस्ता कोरडा आहे.

माझ्या बाजूचं दार उघडलंय तिने. जाऊ? … तुला काय विचारतोय मी, बसतोच. आई गं, गुडघे… हां. बसलो.

निघालो. हळू चालवतेय. छान चालवतेय गं! … काहीतरी बोलतेय. थांब, ऐकू दे.

… रस्ता सांगतेय, यामिनी. ‘डावीकडे शाळा आली. पोरं लाइनीत उभी आहेत. कोपऱ्यावरच्यांनी दार लाल केलंय.’ … अगं आई, मला कशाला, मला दिसतंय की सग…

नाही. नाही, आई, थांबू नकोस. सांग तू. लाल दारानंतर काय आलं?

यामिनी… ठेवतो.