राऊटरचं झबलं

एपिफानिया आजींचं इंटरनेट सुरळीत झालं. पण ते अजून झालेलं नाही असं धरून त्या दिवशीचं सांगतो. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, इंटरनेट कंपनीच्या कचेरीत त्या रांगेत माझ्या पुढे होत्या, तक्रारींच्या खिडकीत कारकून रोवेल होता.

"पावणेदोन झाले, लवकर सांग. दोनला जहाजावरून माझ्या मुलाचा, नेस्तोरचा फोन येतो आणि लगेच तुटतो."

"राऊटरवर काही ठेवलंय, आजी?"

"ठेवलं नाही, घातलंय. क्रोशाचं झबलं."

"दुपारच्या उन्हात तापतो तो त्यात. काढा."

"शेजारी बाळ येशूची मूर्ती मखमलीत, आणि हा नागडा?"

"मुलाशी बोलायचंय ना?"

"लग्न कुणाशी करतोय ते सांगत होता. काल नावापर्यंत आला आणि फोन तुटला."

"मग काढा."

"त्यापेक्षा अर्ज लिहून घे. 'नेस्तोर नाव सांगेपर्यंत कंपनीने दुपारचं ऊन स्थगित ठेवावं, ही नम्र विनंती.'"