रेडिएटरातली हळद

माझं माहेर पाथर्डीकडचं, आईबाप ऊस तोडायला जायचे, आणि लग्न होऊन मी बेलापुरात आले ती थेट रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात. गळक्या रेडिएटरला डाग द्यायचं, म्हणजे कथील वितळवून चीर बुजवायचं, नवऱ्यानंच शिकवलं. काय सांगू तुम्हाला, या धंद्यात गिऱ्हाईक आपल्यावर संशय घेतं आणि आपण गिऱ्हाइकावर.

मागं एक रिटायर मास्तर आले, वडलांच्या वेळची मोटार घेऊन, बाहेरून आरशासारखी, पण शिंगणापूरला निघालं की अर्ध्या वाटेत उकळती म्हणाले, आणि रविवारी नातीची पाठवणी याच गाडीतून करायचीय. वर म्हणाले, बाई, आतली जाळी अस्सल तांब्याची हाय, माझ्यासमोरच खोला. आणि बसले की खुर्ची टाकून. मी म्हटलं, बसा, चोर बघायला आलात तर नीट बघून घ्या.

पाणी बघितलं, पट्टा बघितला, पंप बघितला, सगळं ठीक. मग जाळीवर हात फिरवला तर वर चटका आणि खाली गार, म्हणजे नळ्या तुंबलेल्या. वरची टाकी खोलली तर आत पिवळा गाळ. हळद! गळती थांबवायला लोक मूठभर हळद टाकतात, तेवढ्यापुरती थांबती, मग नळ्या बुजतात. मी म्हटलं, मास्तर, हा उद्योग तुमचाच. ते ताडकन उठले, म्हणाले, दिवाळीत तुमच्याच दुकानातून गळती काढून नेली, तेव्हापासून झाकणाला हात लावला न्हाई. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात.

पण नवरा बाकावर बसलेला. एरवी माझ्या डागाडागात खोट काढणारा माणूस, त्या दिवशी गप. चहा देताना हळूच इचारलं, तुमी टाकली? व्हय, म्हणाले. चीर दिसलीच न्हाई गं, डाग कुठं देऊ?

लई राग आला. मी गप राहिले असते तर दुकानाचं नाव राहिलं असतं, पण मास्तर खोटे ठरले असते. सांगून टाकलं, हळद आमचीच. नळ्यांतून सळई फिरवली, चीर शोधली, डाग दिला. पाठवणी झाली, गाडी उकळली न्हाई.

नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता स्वच्छ दिसतं म्हणतात. दिसू दे, चांगलंच हाय. पण त्यांनी डाग दिलेला रेडिएटर मी पाण्यात बुडवून बघते, बुडबुडा येतो का ते. परवा मास्तर परत आले, पंपाचं काम होतं, आणि आल्या आल्या खुर्ची ओढली. बसा म्हटलं, मी बी तेच करते.