मिस्त्रीच्या भिंतीतला जोड

गद्रे : म्हणजे पाणी रात्रंदिवस वाहत होतं आणि घरात कुणी नव्हतं. बरोबर?

बाळाबाई : कुनीच न्हवतं साहेब. आमी दोघं कामथडीला, माझ्या भाचीच्या लग्नाला. मंगळवारी सकाळी गेलो, बुधवारी दुपारच्या एस्टीनं भोरात आलो. दार उघडलं तर माजघरात घोट्याएवढं पानी. ही मधली भिंत अर्धी खाली बसल्याली आन वरचा माळा असा लोंबल्याला.

गद्रे : पाइप याच भिंतीतून जातो?

गेनबा : ह्याच. रस्त्यावरनं आत येतो, भिंतीतनं मागं न्हाणीला जातो. शिशाचा पाइप हाय. पाच वर्सं झाली, म्या सोता बसवलाय.

गद्रे : तुम्ही स्वतः?

बाळाबाई : ह्ये नळाचंच काम करत्यात. भोरात निम्म्या घरातलं नळ ह्यांनीच बसवल्यात.

गद्रे : अच्छा, ते गेनबा मिस्त्री तुम्हीच. स्टँडवर घर विचारलं, तर चहावाला हसून म्हणाला, ज्याच्या स्वतःच्याच घरात नळ फुटला, तो मिस्त्री ना?

गेनबा : हसत्यात लोक. चार दिस झालं, हसत्यात.

गद्रे : असू द्या. विम्याच्या दृष्टीनं तुमचं काम सोपं आहे. पॉलिसी आगीची, पण तुमच्या एजंटनं त्यात नळाचंही कलम घालून घेतलंय. पाइप किंवा जोड अचानक निकामी होऊन घराचं नुकसान झालं, तर कंपनी भिंत आणि माळा नीट करून देते. आता ही उभी राहिलेली बाजू बघा. सगळ्यात जास्त ओल इथं आहे, छातीइतक्या उंचीवर. आत काय आहे इथं?

गेनबा : तितं जोड हाय.

गद्रे : झालं तर. 'पाइपचा जोड निसटल्यामुळे' असं लिहितो. तुम्ही सही करा. महिन्याभरात मंजुरी येईल.

गेनबा : जोड निसटल्याला न्हाई.

गद्रे : तुम्ही पाहिलाय?

गेनबा : न्हाई. भिंतीत हाय त्यो.

गद्रे : मग कशावरून म्हणता?

गेनबा : म्या दिल्याला जोड हाय साहेब. दोन्ही तोंडं खरवडून, एकात एक बसवून, वर वितळल्यालं कथील-शिसं वतायचं आन कापडाच्या घडीनं फिरवत फिरवत गोळा करायचा. गार व्हायच्या आत. भाटघरच्या धरनावर हुतो, तवा शिकलो. पाइप फाटंल. जोड सुटनार न्हाई.

बाळाबाई : साहेब, जरा दम धरा. अवो, हिकडं बघा. पावसाला दीड म्हैना ऱ्हायलाय. माळा खाली आला तर वरचं भात, बियानं, सगळं चिखलात. ते देतो म्हनत्यात, तर घ्या की.

गेनबा : साहेब, ह्यो कागद जातो कुठं?

गद्रे : पुण्याला, आमच्या कचेरीत.

गेनबा : तितंच ऱ्हातो?

गद्रे : फाइलीत राहतो. कुणी उघडूनही बघत नाही.

गेनबा : न्हाई बघितलं तरी ऱ्हातो न्हवं. माझ्या सहीचा.

बाळाबाई : भोरातलं कोन जानार हाय पुन्याला, त्यो वाचायला?

गेनबा : कुनी कशाला जायाला पायजे? वरच्या आळीत रतनबाईच्या भिंतीत असलाच जोड हाय. शाळंत बारा हायेत. उद्या रतनबाईनं इचारलं, मिस्त्री, माझा बी सुटंल का, तर काय सांगू? सुटतो म्हनून सही करून बसलोय, असं सांगू?

गद्रे : मग तुमचं म्हणणं काय?

गेनबा : भिंत उकरू. आत काय झालंय ते बघू, मग लिवा.

गद्रे : एक आधीच सांगतो. उभी भिंत तुम्ही पाडलीत, तर तेवढी कंपनी भरून देणार नाही.

गेनबा : नगा देऊ.

बाळाबाई : अवो, उभी हाय तेवढी तरी ऱ्हाऊ द्या.

गेनबा : पहार कुठं हाय?

बाळाबाई : …गोठ्यात. थांबा, म्या आनते. तुमी काय ऐकनार न्हाई.

(पहारीचे घाव. विटा आणि माती पडत राहते, मग सगळं थांबतं.)

गेनबा : आता पहार नगं. हातानं काढतो. अगं, त्ये दार सताड उघड, उजेड येऊ दे. हां. या साहेब, असं जवळ या.

गद्रे : हाच जोड?

गेनबा : ह्योच. अंगठा फिरवा वरनं. कुठं चीर लागती का बघा.

गद्रे : नाही. सगळीकडं गुळगुळीत आहे. मागून पण.

गेनबा : बघून भागनार न्हाई. अगं, दाराभायेरची नळाची चावी जरा फिरव. थोडीच.

बाळाबाई : फिरवली. आलं का पानी?

गद्रे : आलं. पण जोड कोरडा आहे, मिस्त्री. पाणी अलीकडून येतंय. जोडापासून वीतभर. बंद करा बाई, बंद करा. इथं पाइपला भोक पडलंय. आणि भोकात काहीतरी अडकलंय. थांबा. खिळा आहे.

गेनबा : बघू.

गद्रे : चांगला लांब खिळा आहे. शिसं मऊ, त्यात घुसला. इतके दिवस खिळ्यानंच भोक बुजवून धरलं असणार. गंजून बारीक झाला आणि पाण्याला वाट मिळाली.

गेनबा : गावच्या नव्या टाकीचं पानी सोडल्यापासनं जोर बी वाढलाय.

गद्रे : हा खिळा इथं ठोकला कुणी?

गेनबा : असंल जुना. कुनी का ठोकला असंना.

बाळाबाई : म्या ठोकला.

गेनबा : तू गप ऱ्हा.

बाळाबाई : गप का ऱ्हाऊ? साहेब, दिवाळीला ठोकला म्या. धरनावरच्या इंजिनेरनं ह्यांना एक कागद दिल्याला. ह्या मानसाचं काम चोख हाय, असं लिवल्यालं. तीस वर्सं त्यो कागद ट्रंकंत, धोतराच्या घडीत पडून. आल्यागेल्याला दिसावा म्हनून म्या चौकट करून आनली आन हितं लावली. परवा पानी बघितलं तवा काढून ठिवली. पाइप हितनं गेलाय, हे मला कुठं ठावं?

गद्रे : बाई, कलमात स्पष्ट आहे. घरच्या माणसाच्या हातून पाइप फुटला, तर ते नुकसान कंपनी देत नाही. खिळ्याचं लिहिलं, तर तुम्हाला काही मिळणार नाही. जोडाचं लिहिलं, तर सगळं मिळेल. मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर भिंत फोडून बघा, असं मला कुणी सांगितलेलंही नव्हतं. तुम्ही दोघं ठरवा.

गेनबा : दुसरं काय लिवता येतं का? पाइप जुना हुता, फाटला, असं? पाइप म्याच आनल्याला. माझ्यावर घ्या.

गद्रे : मघाशी तुम्हीच म्हणत होता, काय झालं ते बघून लिहा.

गेनबा : मघाशी खिळा न्हवता. बाईमानसाचं नाव कागदावर कशाला? बायकूनं घर पाडलं म्हनतील भोरात.

बाळाबाई : म्हनू द्या. तुमाला चार दिस हसले, मला आठ दिस हसतील. साहेब, लिवा. खिळा बाळाबाईनं ठोकला. आन जोड शाबूत हाय, ते बी लिवा. त्ये आधी लिवा.

गेनबा : अगं, माळ्याचं मघाशी तूच बोलत हुतीस.

बाळाबाई : बोलत हुते. तवा जोड बघितला न्हवता म्या. तीस वर्सं तुमच्या हाताला कथलाचा वास यायचा, एवढंच मला ठावं. आज डोळ्यानं बघितला. असला जोड घरात असताना, त्यो सुटला म्हनून म्या कुनाकडनं काय घेनार न्हाई.

गद्रे : पावसाच्या आत भिंत उभी राहील का, बाई?

बाळाबाई : ऱ्हाईल. विटा हितंच पडल्यात, माती शेतातली. माझा भाऊ चिमाजी यील बैलगाडी घिऊन. आज माळ्याला टेकू लावू, मग भात खाली घिऊ. तुमी लिवा.

गद्रे : लिहितो. मिस्त्री?

गेनबा : ती म्हनती तसं लिवा.

गद्रे : ऐका, वाचतो. 'भिंत उकरून व पाणी सोडून समक्ष पाहणी केली. पाइपचा जोड पूर्ण शाबूत असून कारागिरी उत्तम प्रतीची आहे. गळती जोडापासून वीतभर अंतरावर, खिळ्याने पडलेल्या भोकातून झाली. सदर खिळा आपण ठोकल्याचे घरमालकिणीने स्वतःहून सांगितले.' कारागिरीबद्दल लिहायची तशी जरुरी नसते. पण लिहिलंय.

बाळाबाई : त्येवढं पुन्हा वाचा.

गद्रे : 'कारागिरी उत्तम प्रतीची आहे.'

बाळाबाई : हां. द्या, आता सही घ्या ह्यांची. माझा अंगठा बी घ्या.

गद्रे : येतो मी. चारची गाडी आहे पुण्याची. स्टँडवर तो चहावाला भेटेलच. त्याला काय झालं ते सांगून जाईन.

गेनबा : जोडाचं सांगा. खिळ्याचं नगा सांगू.

बाळाबाई : दोन्ही सांगा साहेब. संभाळून उतरा, पायरी ओली हाय.

गेनबा : …गेले.

बाळाबाई : व्हय. माझ्यावर रागावलाव?

गेनबा : तुझ्यावर कशाला? चूक माझी हाय. लोकाच्या घरी पाइप कुठनं गेलाय, त्ये भिंतीवर गेरूनं रेघ मारून दावतो. सोताच्या घरी पाच वर्सं झाली, तुला दावलं न्हाई.

बाळाबाई : नव्या भिंतीवर मारा की मग.

गेनबा : मारतो. त्यो खिळा दे बघू हिकडं.

बाळाबाई : आता कशाला त्यो?

गेनबा : दे तर… हितली वीट बघ. भाजून दगड झाल्याली हाय. माझ्या हाताखालचं गडी असल्या विटंत तीन-तीन खिळे वाकवत्यात. आन ह्यो बघ, कसा सरळ गेलाय.