परक्याचा तंबू

माझा जन्म देवगडकडचा, खाडीच्या काठचा. वडील होड्यांची डागडुजी करायचे, त्यामुळे हातोडी हातात लहानपणीच आली, पुढे आयटीआय केलं, फिटर झालो, मुंबईच्या गोदीत लागलो आणि तिथून इकडे सिंगापूरला, तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात. तीस वर्षं होत आली. राहायला हौगांगला, एक खोली, त्यात मी आणि एक तमिळ वेल्डर. बायको गावी. मुलगी अश्विनी पण गावीच वाढली, मी वर्षाला एक महिना जायचो, पहिले आठ दिवस ती आईच्या मागे लपायची आणि जरा ओळख होतेय तोवर माझी परत निघायची तारीख यायची. काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या पोरीशी बोलायला विषय शोधावा लागायचा मला.

आता नशीब कसं बघा, तिचं लग्न झालं पुण्याच्या मुलाशी, निखिलशी, आणि त्याला नोकरी मिळाली ती इथेच, बुओना व्हिस्टाला. म्हणजे जिला गावी ठेवून मी इकडे आलो, तीच इकडे आली. तिची मुलगी सई सात वर्षांची, ती माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते, मी मराठीत, आमचं झकास चालतं. अश्विनीचं नि माझं मात्र जपून जपूनच. जेवलात का बाबा, जेवलो, बरं.

तर गेल्या जूनमध्ये शाळेला सुट्टी होती, निखिलने गाडी भाड्याने घेतली, आत पलंग, गॅस, बेसिन असलेली, चाकावरचं घरच म्हणा. ती ईस्ट कोस्टला समुद्राकाठच्या कॅम्पग्राउंडपाशी लावायची, गाडीशेजारी तंबू ठोकायचा, दोन दिवस राहायचं. निखिल म्हणाला, बाबा तुम्ही पण चला. गेलो. तिथे सगळं कसं आखलेलं, मागे नळ, न्हाणीघरं, भाजायला सिमेंटच्या चुली, आणि तंबूला परमिट. आमच्या गावी समुद्र दारात आहे, इथे त्याच्याजवळ झोपायला परवाना लागतो.

आता माझी एक खोड आहे. कुणाचं चुकीचं चाललेलं दिसलं की हात शिवशिवतात. सकाळी एक जण तंबूची दोरी चुकीची बांधत होता, मी गेलो, त्याची गाठ सोडून नीट बांधून दिली. त्याला काय ते आवडलं नाय. अश्विनी मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा, इथे लोकांना असं आवडत नाही, कुणी तक्रार केली तर निखिलच्या कामाच्या पासचं काय, तुमच्या पासचं काय, इथे राहायचा परवानाच तो, प्लीज कशात पडू नका. मी म्हणलं बरं. पण लागलं मनाला.

आमच्या शेजारी निळा मोठा तंबू होता. चिनी कुटुंब, नवरा-बायको, सईएवढी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. सई नि ती मुलगी सकाळभर वाळूत खेळत होत्या. अकराच्या सुमारास सुमात्राच्या बाजूने आभाळ काळं होत आलं आणि असा वारा सुटला की लोकांच्या खुर्च्या उडाल्या. आम्ही गाडीत घुसलो. खिडकीतून मी बघितलं, शेजारच्या माणसाने पेटलेली कोळशाची शेगडी उचलून तंबूच्या पुढच्या भागात घेतली आणि सगळे पडदे खाली ओढले. आता वारा नि पाऊस म्हटल्यावर माणूस तेच करणार. पण कोंडलेल्या जागेत पेटता कोळसा माणूस मारतो, हे मला ठाऊक. उठलो पण होतो. पण सकाळचं बोलणं आठवलं नि परत बसलो. ते बसणं मला अजून छळतं, खोटं कशाला बोलू.

पाऊस पाऊण तास पडला. मधेच तो माणूस छत्री घेऊन हॉकर सेंटरकडे, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांकडे, जेवण आणायला गेला. पाऊस जरा थांबल्यावर सई पळत त्या तंबूकडे गेली, पडद्याच्या फटीतून आत बघून हाका मारल्या नि तोंड पाडून परत आली. शी डोन्ट वॉन्ट टु वेक अप लाह, म्हणाली, हर ममी ऑल्सो स्लीपिंग. ती मुलगी उठत नाय, आई पण झोपलीय.

एवढ्या गडगडाटात झोप?

मुंबईच्या गोदीत माझा जोडीदार होता, सदा. जहाजाची टाकी महिनोन्महिने बंद, आत गंज, आणि गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. सदा खाली उतरला, मी वर भोकाशी उभा. बॅटरी मारून बघितलं तर भिंतीला टेकून बसलेला. मला वाटलं दम घेतोय. दम घेऊ दे म्हणून मी थांबलो, म्हणून तो गेला. कोंडलेल्या हवेत माणूस ओरडत नाय हो, तो शांत बसतो.

मी बेसिनजवळची सुरी उचलली. अश्विनी दारात आडवी, बाबा काय करताय. म्हणलं आत कोळसा आहे, ती माणसं मरतायत. निखिल म्हणाला, थांबा, आधी कॅम्पग्राउंडच्या माणसांना सांगू, परक्याचा तंबू आहे, आत बाईमाणूस एकटी आहे. त्याचं पण चूक नव्हतं. मी म्हणलं, जावईबापू, माझा पास गेला तर गेला, तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलवा.

आधी हाका मारल्या, तंबू गदागदा हलवला. काय नाय. पुढची चेन ओढली तर कापड अडकलेलं. मग मी मागच्या बाजूला खालपासून वरपर्यंत सुरी ओढली, समोरूनही ओढली, वारा आरपार गेला पाहिजे म्हणून. निखिल माझ्या पाठोपाठ आत शिरायला लागला, त्याला मी दंडाला धरून मागे ढकलला, म्हणलं आत कुणी जायचं नाय, मी देतो ते बाहेर घे. श्वास कोंडला नि शिरलो. पहिली मुलगी, पायाला धरून. बाहेर येऊन श्वास घेतला, परत आत, मुलगा. तो हाताला अगदीच सैल लागला. तिसऱ्यांदा बाई, ती जड, काखेत हात घालून मागे मागे ओढत होतो.

आणि तेवढ्यात तिचा नवरा आला. त्याने काय बघितलं, तर फाटलेला तंबू आणि एक परका माणूस त्याच्या बायकोला ओढतोय. त्याने जेवण टाकलं नि माझी गचांडी धरली, मी चिखलात आडवा, वरून त्याचा गुडघा छातीवर. मला श्वासच नव्हता उरला, सांगू काय. तर अश्विनी धावली. माझी हळू बोलणारी पोरगी, तिने त्या माणसाला दोन्ही हातांनी ढकललं, दिस इज माय फादर म्हणाली, तंबूतली शेगडी दाखवली, चारकोल, चारकोल. त्याने शेगडीकडे बघितलं आणि तो खालीच बसला.

मुलांना कुशीवर वळवलं. मुलीला उलटी झाली, बाई कण्हायला लागली. धाकट्याचं काय कळेना. बाप त्याला हाका मारत होता त्यांच्या भाषेत, शब्द कळत नव्हते पण कळायचं काय राहिलं होतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी प्राणवायूचा मास्क लावला तेव्हा त्या पोराच्या पापण्या हलल्या. मी तिथून उठून नळाकडे गेलो नि नुसता पाण्याखाली हात धरून उभा राहिलो.

पोलिसांनी जबाब घेतला, सुरी घेतली, पास बघितला. हॉस्पिटलमधून कळलं की कळवू म्हणाले. दोन दिवस मी यार्डात गेलो पण हातात पाना धरवत नव्हता, पोर वाचलं नाय तर, आणि वाचलं तरी आपलं काय. तिसऱ्या दिवशी पोलिसांचा फोन आला, तिघंही ठीक आहेत, तुमच्यावर केस काय नाय, थँक यू अंकल. मी फोन ठेवला नि अश्विनीला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, रविवारी या, आणि मुक्कामाला या.

तेव्हापासून रविवारी जातो. डिसेंबरला माझा पास संपतो, यार्ड वाढवेल असं वाटत नाय, गुडघे पण आता शिड्या नको म्हणतात. अश्विनी म्हणते जाऊ नका, बायको म्हणते या आता. बघू, जे होईल ते. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाय, परत कधी दिसली पण नायत. कुठेतरी असतील इथेच एखाद्या ब्लॉकमध्ये. पोरं मोठी होवोत, शिकोत, आणि ती दुपार त्यांना कधी आठवू नये, एवढंच माझं मागणं.